तेलाचा डाग आणि थांबविण्याचा अधिकार

समाजवादी साप्ताहिकाच्या पानावर विमानाच्या इंजिनातील तेलगळतीविषयी लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. विमान हे श्रीमंतांचे वाहन. त्यातून तेल गळो वा न गळो, मावळातल्या शेतकऱ्याला किंवा चाकणच्या कंत्राटी कामगाराला त्याचे काय, असा प्रश्न चळवळीत आयुष्य घालविलेल्या एखाद्या मित्राने विचारला तर त्यात गैर काही नाही. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय प्रवासी कंपन्यांची अजस्र विमाने हा नाही. ज्या दोन-चार आसनी विमानांवर आपली मुले-मुली वैमानिक व्हायला शिकतात, ज्यांच्या नाकाशी एकच पिस्टन इंजिन असते आणि ज्यांची देखभाल मोजकी माणसे हातातील पान्यांनी करतात, त्या विमानांविषयी मला लिहावयाचे आहे. श्रम कोणाचे, जोखीम कोणाची आणि निर्णय कोणाचा, हा आपला जुना प्रश्न तेथे जितका उघडा दिसतो तितका तो मोठ्या कारखान्यातही दिसत नाही.

महाराष्ट्रात हे शिक्षण बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया अशा ठिकाणी चालते. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात एक प्रशिक्षण विमान कोसळले. त्यात एकटीच असलेली शिकाऊ वैमानिक तरुणी जखमी झाली, पण बचावली. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीच्या परिसरात एकाच संस्थेच्या दोन विमानांना चार दिवसांच्या आत अपघात झाले, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या संस्थेची उड्डाणे तात्पुरती थांबविली. या विशिष्ट अपघातांची कारणमीमांसा हे तपास यंत्रणेचे काम आहे, माझे नव्हे. अपघातानंतर थांबविण्याचा अधिकार दिल्लीला असतो, एवढे आपण पाहिले. अपघातापूर्वी तो खरोखर कोणाच्या हाती असतो, हे पाहावयाचे आहे. आणि ते पाहण्यासाठी तेलगळतीइतके साधे, रोजचे उदाहरण दुसरे नाही.

लोणावळ्यात १९४५ पासून नौदलाचा 'शिवाजी' हा तळ आहे. जहाजांची इंजिने चालविणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या हातांना तेथे शिक्षण मिळते. त्यामुळे आमच्या या भागात इंजिनाच्या कामात उभी हयात गेलेली निवृत्त माणसे संध्याकाळी फिरायला निघालेली सहज भेटतात. त्यांच्याशी, तसेच लहान विमानांच्या हँगरमध्ये काम केलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याशी झालेल्या बोलण्यातून पुढील तपशील मला समजला. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत तो सापडत नाही, आणि त्या ग्रंथांची ती उणीवच आहे.

सेसना १५२ किंवा १७२ या प्रशिक्षण विमानांचे इंजिन बहुधा लायकमिंग या अमेरिकन कंपनीचे असते. समोरासमोर आडवे पडलेले चार सिलिंडर, थंड करण्यासाठी पाणी नाही, केवळ वारा. साहजिकच तेलावर दुहेरी भार येतो: घर्षण कमी करावयाचे आणि उष्णताही वाहून न्यावयाची. हे तेल किती? लहान विमानात साधारण साडेपाच लिटर, थोड्या मोठ्यात साडेसात. घरातील मध्यम पातेल्यात मावेल एवढ्या तेलावर दोन जीव आकाशात असतात. मुंबईकडून देशावर येणारे एक इंजिनाचे विमान सह्याद्रीची धार ओलांडते तेव्हा खाली खंडाळ्याच्या दऱ्या आणि राजमाचीचे रान असते; उतरण्याजोगी सपाट जागा नसते. तेलाचा दाब पडू लागला की वैमानिकाजवळ काही मिनिटे उरतात, अधिक नाही.

आता गळती कोठून होते? उत्तर असे की, जेथे दोन भाग जुळतात तेथे कोठूनही. सिलिंडरच्या डोक्यावरील झाकणाखाली एक पॅकिंग असते. ते सुकले की तेल झिरपते. अननुभवी हात अशा वेळी स्क्रू अधिक आवळतो. पातळ पत्र्याचे झाकण वाकते आणि गळती वाढते. व्हॉल्व्ह हलविणाऱ्या दांड्या ज्या नळ्यांतून जातात, त्यांच्या टोकांची रबरी सीले उष्णतेने दगडासारखी कडक होतात. तेल परत खाली आणणाऱ्या आखूड रबरी नळ्या आणि त्यांच्या पट्ट्या सैल पडतात. मॅग्नेटोच्या बैठकीखालून, तेलाच्या फिल्टरजवळून, कूलरकडे जाणाऱ्या होजमधून, पंख्यामागील सीलमधून, अशी यादी लांबविता येईल. या सर्वांत मला सर्वांत मनोवेधक वाटली ती इंजिनाच्या मुख्य पेटीची जोडणी. तिच्या दोन अर्ध्या भागांमध्ये जाड पॅकिंग घालता येत नाही, कारण त्याच्या जाडीने आतील बेअरिंगचे अंतर बदलेल. म्हणून तेथे एक पातळ लेप देतात आणि त्यावर रेशमाचा बारीक धागा कडेने अंथरून दोन्ही भाग आवळतात. शंभर-दीडशे अश्वशक्तीचे यंत्र एका रेशमी धाग्याने तेल धरून ठेवते! तो धागा अंथरणाऱ्या बोटांचे मोल कोणत्या वेतनश्रेणीत बसवावयाचे?

डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर विमान नव्हते, हे उघड आहे. तरीही माणसाला उघडता येणारे, समजणारे आणि पुन्हा जोडता येणारे यंत्र असे वर्णन करावयाचे झाले, तर ते या इंजिनाला चपखल बसते.

प्रत्येक डाग म्हणजे गळती नव्हे, हेही सांगितले पाहिजे. इंजिनाच्या पेटीतील वाफ बाहेर टाकणारी एक नळी असते. तेल काठोकाठ भरले तर वरचे तेल त्या नळीवाटे बाहेर फेकले जाऊन विमानाचे पोट माखते. जाणता मेकॅनिक अशा वेळी काहीही न उघडता तेल थोडे कमी भरावयास सांगतो. शिवाय काही तेल इंजिन जाळतेच, आणि त्याची मर्यादा उत्पादकाने ठरवून दिलेली असते. दर तासाला किती तेल लागले याची वही प्रामाणिकपणे ठेवली, तर नेहमीचा खप कोणता आणि रोग कोणता हे त्या वहीवरूनच कळू लागते.

खरी गळती शोधणे हे मात्र चिकाटीचे काम आहे. पंख्याचा वारा तेल मागे ओढून नेतो. त्यामुळे डाग जेथे दिसतो तेथे मूळ नसते. वरचे पत्र्याचे आवरण काढावयाचे, सबंध इंजिन धुवून कोरडे करावयाचे, काही मिनिटे चालवून बंद करावयाचे, आणि मग बॅटरी व छोटा आरसा घेऊन एकेक सांधा पाहावयाचा. तरीही न सापडल्यास तेलात चमकणारा रंग मिसळून अतिनील दिव्याखाली पाहतात. अर्धा दिवस जातो, कधी पूर्ण. यास पर्याय दोन आहेत आणि दोन्ही सोपे आहेत. एक, फडक्याने पुसून टाकणे. दुसरा, सांध्यावर बाहेरून रबरी लेप थापणे. दुसरा अधिक घातक आहे, कारण त्या लेपाचे तुकडे आत सुटून तेलपंपाच्या जाळीत अडकू शकतात. गळती बंद झालेली दिसते आणि इंजिनाचा घसा आतून आवळला जातो.

कोणता डाग थांबू शकतो आणि कोणता थांबू शकत नाही, हा निवाडा म्हणजेच या कारागिरीचा गाभा होय. झाकणाखालचा ओलावा पुढील तपासणीपर्यंत कदाचित चालेल. पण सिलिंडरच्या बुडाशी, जेथे तो मुख्य पेटीला बोल्टने जखडलेला असतो तेथे ओल दिसली, तर ती एखाद्या रबरी कड्याची असेल, किंवा बोल्ट सैल झाल्याची असेल, किंवा पेटीला तडा गेल्याची असेल. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. पहिले कारण किरकोळ आहे. इतर दोन्हींत सिलिंडर उड्डाणातच उखडू शकतो. तसेच तापलेल्या धुराड्यावर थेंबथेंब पडणारे तेल हे आगीचे आमंत्रण आहे, मग थेंब कितीही लहान असो. येथे फडके मारणे म्हणजे पुरावा नष्ट करणे.

येथवर यंत्रशास्त्र झाले. आता हँगरच्या हिशेबाकडे वळू.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे किमान २०० तासांचे उड्डाण लागते. प्रशिक्षण संस्था हे तास विकते. विद्यार्थ्याचे पालक, ज्यांत आज शिक्षक, बागायतदार, निवृत्त जवान असे लोक बरेच आहेत, घर वा जमीन गहाण ठेवून हे तास विकत घेतात. उभे असलेले विमान संस्थेला काहीही मिळवून देत नाही. भांडवलावरचे व्याज मात्र उभ्या विमानावरही चालूच राहते. अशा स्थितीत सकाळी सात वाजता इंजिनाखाली डाग दिसला, तर मालकापुढे दोन मार्ग असतात: अर्धा दिवस विमान उभे करून मूळ शोधणे, किंवा पाच मिनिटांत एक डबा तेल ओतून विद्यार्थ्याला पाठविणे. तेलाचा डबा स्वस्त आहे, तास महाग आहे. त्या एका सकाळपुरता ओतण्याचा निर्णय हिशेबाने बरोबरच ठरतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा बरोबर ठरतो. अशा शंभर बरोबर निर्णयांची बेरीज एका शेतात पडलेल्या विमानात होऊ शकते, आणि त्या बेरजेचा जबाबदार म्हणून बोट दाखविण्यास मालक सापडत नाही.

यावर असे म्हटले जाईल की, अपघात मालकालाही नको असतो. त्याचे विमान जाते, नाव जाते. हे खरे आहे, आणि या धंद्यात सचोटीने वागणारी माणसे आहेत हेही मला मान्य आहे. परंतु विमानाचा विमा असतो. जोखमीचा जो भाग विम्यात बसतो तो मालकाचा. जो बसत नाही तो आत बसलेल्या मुलीचा आणि खाली सही करणाऱ्या माणसाचा. जोखमीची ही वाटणी कोणी एका दुष्टाने केलेली नाही; ती बाजाराने केली आहे. म्हणूनच सज्जन मालकालाही शेजारच्या संस्थेच्या दराशी स्पर्धा करताना तिच्यापासून सुटता येत नाही.

सही करणाऱ्या माणसाचे काय? काम पूर्ण होऊन विमान उड्डाणास योग्य आहे, असे प्रमाणपत्र परवानाधारक देखभाल अभियंत्याने द्यावयाचे असते. १९३४ चा जुना विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. या सहीचे महत्त्व मात्र तसेच राहिले. कायद्याने लेखणी अभियंत्याच्या हाती दिली आहे आणि पगार मालकाच्या हाती ठेवला आहे. चूक निघाली तर परवाना अभियंत्याचा जातो. सही नाकारली तर नोकरीवर टांच येते. त्याच्या हाताखाली पाना चालविणारा परवाना नसलेला साहाय्यक तर बहुधा तोंडी बोलीवरच असतो. त्याने डाग पाहिला तरी तो कोठे लिहावयाचा? याला स्वातंत्र्य म्हणत असतील, तर गिरणीच्या दारात उभा असलेला बदली कामगारही स्वतंत्रच होता.

आमच्या घाटात याच प्रश्नाचे एक जुने उत्तर आहे, आणि ते रेल्वेने शोधलेले आहे. पुण्याहून मुंबईकडे जाणारी गाडी बोरघाट उतरताना मंकी हिलजवळ थांबते. प्रवासी खिडकीतून माकडे पाहतात. त्यांना वाटते, सिग्नल नसेल. वस्तुतः ते थांबणे ब्रेकच्या खात्रीसाठी असते. त्या थांब्याचा वेळ वेळापत्रकात आधीच धरलेला आहे. इंजिन-चालकाला गाडी थांबविण्यासाठी धैर्य दाखवावे लागत नाही, कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाही, दोन मिनिटांच्या विलंबाचा खुलासा लिहावा लागत नाही. थांबणे हाच नियम असल्यामुळे न थांबणाऱ्यालाच जाब द्यावा लागतो. एखाद्या अभियंत्याच्या शौर्यावर मुलांचे प्राण सोपविण्यापेक्षा, तपासणीचा वेळ दरातच धरणे आणि डागामुळे विमान उभे राहिले तर कोणाचेही वेतन न कापणे, हा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे.

राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब मांडणारे आम्ही अर्थशास्त्रज्ञही या दोषात वाटेकरी आहोत. नवे विमान आयात केले की त्याची नोंद भांडवलनिर्मितीत होते. मंत्रिमहोदय फीत कापतात. तेच विमान दहा वर्षे निर्धोक ठेवणारी नेहमीची देखभाल मात्र उत्पादनातील मधला खर्च म्हणून वजा होते. नवा पूल भांडवल आणि त्याची डागडुजी खर्च. नवी एसटी भांडवल आणि दापोडीच्या कार्यशाळेतील घाम खर्च. ज्या श्रमाचे यश काहीही न घडण्यात आहे, तो आपल्या आकड्यांत दिसत नाही, आणि जो आकड्यांत दिसत नाही त्याच्या वेतनासाठी अंदाजपत्रकात तरतूद करावयास कोणी उठत नाही.

दुसरा प्रश्न सुट्या भागांचा. वर सांगितलेली पॅकिंगे आणि सीले लहानशी असतात, परंतु त्यांना विमानासाठी मान्यतेचा कागद लागतो, आणि तो कागद बहुतांशी सातासमुद्रापलीकडून येतो. आमच्या तळेगाव-चाकण पट्ट्यात मोटारींच्या इंजिनांचे भाग अत्यंत काटेकोरपणे बनतात. तंत्र आहे, यंत्रे आहेत, हात आहेत. नाही ती केवळ मान्यता मिळविण्याचा खर्च सोसणारी संस्था. मागणी थोडी असल्याने खासगी कारखानदार तो सोसणार नाही, आणि त्याच्या दृष्टीने ते योग्यही आहे. सुटा भाग यावयास तीन आठवडे लागणार असतील तर हँगरमधील माणूस रबरी लेपाची नळी हातात घेतो. त्याला नीतिपाठ देऊन काय उपयोग?

हे काम सार्वजनिक क्षेत्राचे होते, आणि एके काळी त्याने ते केलेही. डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आखलेल्या एचटी-२ या प्रशिक्षण विमानाने बंगळुरास ऑगस्ट १९५१ मध्ये पहिले उड्डाण केले. १९५८ मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टचेच पुष्पक आले आणि देशातील उड्डाण-मंडळांत पोचले. राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेचे हंसा १९९३ मध्ये उडाले. परंतु सार्वजनिक क्षेत्राचे नाव घेतले म्हणजे दोष झाकले जातात, या भ्रमात आपण राहू नये. हवाई दलाच्या एचपीटी-३२ या विमानांच्या इंजिन बंद पडण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत्या. जुलै २००९ मध्ये दोन वैमानिक मृत्युमुखी पडल्यावर तो ताफा जमिनीवर आला. तेथे नफा नव्हता, तरीही थांबविण्याचा निर्णय खालून वर पोचावयास फार काळ लागला. मालकी बदलली म्हणजे अधिकार आपोआप खाली येत नाही, हा धडा आपल्या पक्षाने इतर अनेक क्षेत्रांतही घ्यावयास हवा.

म्हणून माझ्या मागण्या मालकीविषयी कमी आणि अधिकाराविषयी अधिक आहेत. प्रत्येक प्रशिक्षण संस्थेत तेलाच्या खपाची वही विद्यार्थ्यांना पाहता आली पाहिजे. ज्याचा जीव आत आहे त्याला त्या इंजिनाने गेल्या दहा तासांत किती तेल खाल्ले हे माहीत असावे, यात कोणते व्यापारी गुपित फुटते? सही नाकारणाऱ्या अभियंत्याला सहा महिने कामावरून काढता येणार नाही, असे संरक्षण नियमांत लिहिले जावे. साहाय्यकाने नोंदविलेला दोष त्याच्या नावाने वहीत यावा आणि तो खोडण्यासाठी परवानाधारकाची सकारण सही लागावी. चौथी मागणी आमच्या तालुक्याची आहे: लहान विमानांच्या इंजिनांची तपासणी, दुरुस्ती आणि सुट्या भागांची मान्यता यांसाठी एक सार्वजनिक कार्यशाळा मावळात उभी राहावी.

मावळातच का, असे विचारले जाईल. 'शिवाजी'तून निवृत्त झालेले कारागीर येथे आहेत. शिवाय तळेगावच्या ज्या जनरल मोटर्समध्ये मोटारींबरोबर इंजिनेही बनत, तिने डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन बंद केले. पुढे ती जागा ह्युंदाईने घेतली. जुन्या कामगारांनी दीर्घ लढा दिला हे आपल्या कार्यकर्त्यांना सांगावयास नको. इंजिन जोडलेले ते हात याच तालुक्यात विखुरलेले आहेत. आणि भांडवलाचे म्हणाल, तर याच तळेगावात १९०८ साली लोकांकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, आणि तेथे काचकाम शिकलेली माणसे देशभर कारखान्यांत गेली. त्या काळी परकीय सत्ता होती आणि सरकारी अनुदानाची आशा नव्हती. आज निदान विधिमंडळात प्रश्न विचारता येतो.

तालुक्यातील कार्यकर्त्यांनी प्रारंभ एका यादीने करावा. वडगाव, तळेगाव, कामशेत, लोणावळा येथील निवृत्त व बेरोजगार इंजिन-कारागिरांची नावे, त्यांनी कोणत्या यंत्रावर किती वर्षे काम केले आणि शिकवावयास त्यांची तयारी आहे काय, एवढी माहिती पावसाळ्यापूर्वी जमवावी. ती हाती आल्यावर महासंचालनालयाकडे आणि राज्याच्या कौशल्य विकास खात्याकडे पाठवावयाच्या निवेदनाचा मसुदा करून देण्याचे काम मी पत्करतो.